दोन पेन्सिल सेलवरच्या बझरचा आवाज मोठा कसा करायचा?

सकाळी साडेसहाला नळाला पाणी येतं. मोरीतल्या पिंपात नळी सोडायची, स्वयंपाकघरात येऊन चहा टाकायचा, चटणीसाठी मिक्सर लावायचा, आणि तेवढ्यात पिंप भरून वाहायला लागतं. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं की मग धावपळ. यावर उपाय म्हणून पिंपाच्या काठाला एक फ्लोट स्विच (पाणी वर आलं की तरंगून चालू होणारं बटण), दोन पेन्सिल सेल आणि एक बझर असा छोटा अलार्म बसवता येतो. जोडणी दहा मिनिटांची आहे. पण पहिल्याच सकाळी लक्षात येतं की मोरीचं दार लोटलेलं असलं आणि मिक्सर चालू असला, तर ते बारीक ‘पीं’ कुणाच्याच कानावर पडत नाही.

अशा वेळी पहिला हात जातो तो सेलकडे. दोनाचे चार करावेत, नाहीतर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावावी. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. आवाज वाढला, पण खर्च केलेल्या मानाने फारच थोडा. आज कुणी विचारलं तर मी सांगतो, सेलला हात सगळ्यात शेवटी लावा. आधी सूर जुळवा, मग बझरमधल्या पितळी चकतीची बैठक नीट करा, मग डबी, आणि त्यानंतर व्होल्टेज. पहिल्या तीन गोष्टींना वीज लागत नाही, आणि सगळ्यात जास्त आवाज त्यांच्यातच दडलेला असतो.

दुप्पट आवाज म्हणजे दहापट वीज

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. तीन आकडे लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं जातं. बझरवरचं व्होल्टेज दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. मोकळ्या जागेत ऐकणाऱ्याचं अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने घटतो. आणि आपल्या कानाला आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. १० डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. निव्वळ सेलच्या जोरावर आवाज कानाला दुप्पट करायचा, तर सेलमधून दहापट वीज ओढावी लागेल. दोन पेन्सिल सेलना, आणि बटण सेलला तर अजिबातच, हे परवडणारं नाही.

तुमच्याकडचा बझर कोणता आहे?

दुकानात ‘बझर द्या’ म्हटलं की चार वेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही हातात पडू शकते. आधी ती ओळखा, कारण चुकीच्या बझरवर केलेली मेहनत वाया जाते.

बझरला थेट ३ व्होल्ट लावून बघा. सलग आवाज आला, तर तो ॲक्टिव्ह बझर. सूर काढणारं सर्किट त्याच्या पोटातच असतं. जोडताना एकदाच ‘टिक’ झालं आणि मग शांतता, तर तो पॅसिव्ह. त्याला बाहेरून थरथरता सिग्नल द्यावा लागतो.

आता मल्टिमीटर ओहमवर लावून पॅसिव्ह बझरची दोन टोकं मोजा. १६ किंवा ४२ असे थोडेसेच ओहम दिसले, तर आत तारेचं वेटोळं आहे. हा मॅग्नेटिक बझर. जवळजवळ अनंत ओहम दिसले, तर तो पीझो. मॅग्नेटिक बझर २० ते ३० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त करंट सहज खातो. पीझो एखाद-दोन मिलिअँपिअरवर भागवतो, कारण विजेच्या नजरेने तो एक छोटा कपॅसिटर आहे. त्यातल्या सिरॅमिकला व्होल्टेज दिलं की ते ताणतं-आकसतं, आणि त्याला चिकटलेली पितळी चकती वाकते. दाबल्यावर स्फटिकांतून वीज निघते हे जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं. आपण तोच गुण उलट्या दिशेने वापरतो.

वीज मोजून-मापून वापरायची असेल तर पीझोच घ्या, तोही पॅसिव्ह, आणि काळ्या डबीतला नको, उघडी पितळी चकतीच घ्या. पुण्यात पासोड्या विठोबापाशी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला २७ मिलिमीटरची वायर जोडलेली चकती सहज मिळते. वायर जोडलेलीच मागा. पांढऱ्या सिरॅमिकवरचा चांदीचा थर फार नाजूक असतो. सोल्डरिंग आयर्न एक-दोन सेकंदांहून जास्त टेकवलं की तो टाक्यासकट उचकटून येतो, आणि चकती गेली म्हणून समजा.

तयार काळा बझरच वापरायचा असेल तर एक गोष्ट तपासा. त्याच्या तोंडावर गोल कागदी स्टिकर असतो. कारखान्यात बोर्ड धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून तो लावलेला असतो, आणि वापरताना काढायचा असतो. तो तसाच ठेवून ‘आवाज कमी येतो’ म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

पाऊल पहिलं: मोजायची सोय

कान फसवतो. पाच मिनिटं पीं-पीं ऐकल्यावर कुठला आवाज मोठा होता हे सांगता येत नाही. फोनवर आवाज मोजणारं एखादं ॲप घ्या. त्याचा नेमका आकडा बरोबर असेलच असं नाही, पण आपल्याला फक्त आधीचा आणि नंतरचा फरक हवा आहे.

बझर टेबलाच्या एका टोकाला, फोन बरोबर १ मीटरवर पुस्तकाला टेकवून ठेवा आणि मग दोन्ही हलवू नका. हे नुसतं शिस्तीचं सांगत नाही. ४,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे साडेआठ सेंटिमीटरची असते. भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे फोन चार बोटं सरकला तरी आकडा बदलतो, आणि सर्किट सुधारलं असं आपल्याला उगीच वाटतं.

चकती कानाजवळ धरून तपासू नका. सूर जुळला की ती अचानक कर्कश होते.

पाऊल दुसरं: सूर काढणारं सर्किट

नवशिक्याला सगळे ५५५ टायमर सुचवतात. १९७२ मध्ये बाजारात आलेली ती आयसी अजूनही चांगली आहे, पण साध्या एनई५५५ ला किमान साडेचार व्होल्ट लागतात. दोन सेलवर ती धड चालणार नाही. तिची सीमॉस भावंडं कमी व्होल्टेजवर चालतात. तरीही मी ७४एचसी१४ ही आयसी घेतो. ती २ व्होल्टपर्यंत चालते, स्वस्त आहे, आणि तिच्यात सहा उलटे गेट असतात. इनपुट वर असलं की आउटपुट खाली, इनपुट खाली की आउटपुट वर. पुढे त्यांचा फार उपयोग होतो.

सामान: ७४एचसी१४, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पट्टी), ४७ किलोओहमचा प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर), १० किलोओहमचा आणि ४७० ओहमचा एकेक रेझिस्टर, १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर (अंगावर १०३ लिहिलेला, मिळाला तर पॉलिएस्टरचा, कारण स्वस्त सिरॅमिकचा सूर उन्हा-थंडीत सरकतो), १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर (१०४), दोन सेलचा होल्डर.

जोडणी अशी. पिन १४ ला धन, पिन ७ ला ऋण. या दोन पिनांमध्ये, आयसीच्या अगदी जवळ, १०४ कपॅसिटर. पिन १ आणि पिन ७ मध्ये १०३ कपॅसिटर. पिन २ आणि पिन १ मध्ये १० किलोओहम आणि प्रीसेट एकापुढे एक. एवढ्यावर पिन २ वर सूर तयार होतो, आणि प्रीसेट फिरवून तो साधारण दोन हजारांपासून दहा हजार हर्ट्झच्याही वर नेता येतो. वापरात नसलेल्या पिन ३, ५, ९, ११, १३ ऋणाला जोडून टाका. त्या लोंबकळत राहिल्या तर आयसी विनाकारण करंट खात बसते. सध्या चकती पिन २ आणि ऋण यांच्यामध्ये, ४७० ओहममधून लावा.

पाऊल तिसरं: सूर जुळवा

या एका पावलाला वेळ द्या. बाकीची सगळी पावलं याच्यावर उभी आहेत.

प्रत्येक चकतीचा एक स्वतःचा सूर असतो. २७ मिलिमीटरच्या चकतीचा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास, ३५ मिलिमीटरचा त्याहून खाली, तीन हजारांच्या अलीकडे. त्या सुरावर ती मनापासून थरथरते, आणि जरा बाजूला गेलं की नुसती कुरकुरते. याला अनुनाद म्हणतात. सुरावर आणि सुराबाहेर यांतला फरक १०-१५ डेसिबलचा सहज असतो. कानाला दुपटीहून जास्त आवाज, आणि तोही सेलवर जवळजवळ काहीही भार न टाकता.

बारीक स्क्रू-ड्रायव्हरने प्रीसेट अगदी सावकाश फिरवा. सूर चढत जाईल, मग एका जागी एकदम अंगावर आल्यासारखा उसळेल आणि पुढे लगेच बसेल. ती उसळी काही शे हर्ट्झचीच असते. घाईने फिरवलं तर निसटून जाते. सापडल्यावर दोन्ही बाजूंनी पुढे-मागे करून फोनवरचा आकडा सगळ्यात वर जाईल तिथे थांबा.

आर्डुइनो (प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा बोर्ड) असेल तर टोन फंक्शनने २,००० पासून ६,००० पर्यंत पन्नास-पन्नासच्या टप्प्याने जाऊन हेच करता येतं, आणि नेमका आकडाही हातात येतो.

माणसाचा कानही २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, त्यामुळे पीझोचा सूर आपल्या सोयीचाच आहे. मात्र वयाबरोबर वरचे सूर ऐकू येईनासे होतात. शिवाय बंद दार आणि भिंती वरचे सूर जास्त अडवतात. अलार्म ऐकणारं माणूस सत्तरीतलं असेल, तर २७ ऐवजी ३५ मिलिमीटरची चकती घ्या. मी आईसाठी केलेल्या अलार्ममध्ये तीच आहे. फोनचं ॲप दोन्ही चकत्यांना जवळपास सारखेच गुण देत होतं, पण आईला फक्त मोठीच ऐकू आली.

पाऊल चौथं: बैठक, आणि चिमूटभर रांगोळी

माझी पहिली चकती मी डबीच्या तळाला हॉट ग्लूने पुरी माखून चिकटवली होती. अगदी भक्कम बसली, आणि मुकी झाली. थरथरणं हेच जिचं काम, तिला सगळीकडून धरून ठेवल्यावर ती आवाज कशी करणार?

चकती वाजताना तिचा मधला भाग वर गेला की कडा खाली येते, आणि मध्य खाली आला की कडा वर. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक वर्तुळ असं असतं जे जागचं हलतच नाही. चकतीला धरायचं तर तिथेच.

ते वर्तुळ डोळ्यांनी बघता येतं. चकती पितळी बाजू वर करून मऊ स्पंजच्या दोन-तीन बारीक तुकड्यांवर आडवी ठेवा, सुरावर वाजवा, आणि वरून चिमटीने बारीक, कोरडी रांगोळी भुरभुरवा. कण नाचायला लागतात, मधून आणि कडेवरून सरकतात, आणि थोड्याच वेळात एका पांढऱ्या कड्यात येऊन गोळा होतात. जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाड्नीने १७८७ मध्ये पत्र्यांवर वाळू टाकून असेच आकार छापून दाखवले होते. आपल्या हाताशी रांगोळी आहे, आणि ती जास्त सुरेख दिसते. घरात मूल असेल तर त्याला हाक मारा, ही गोष्ट त्याने बघायलाच हवी.

कड्याचा व्यास पट्टीने मोजा. तो साधारण चकतीच्या व्यासाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे २७ मिलिमीटरला १८ च्या आसपास भरतो. आता वायरिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप असतो ना, त्याचा ३ मिलिमीटर उंचीचा काप हॅकसॉने कापा आणि पॉलिश पेपरवर दोन्ही बाजू सपाट करा. ही झाली चकतीची बैठक. पाइपची भिंत बरोबर रांगोळीच्या कड्याखाली येते. चकती त्यावर सिलिकॉनच्या अगदी पातळ रेघेने चिकटवा, पितळी बाजू पाइपकडे, वायरवाली बाजू मोकळी. सिलिकॉन रात्रभर वाळू द्या.

पाऊल पाचवं: डबी

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा काढून घेतला आणि तारा नुसत्या फळीवर ताणल्या, तर त्या छेडल्यावर शेजारच्या माणसालाही जेमतेम ऐकू येतील. तार तीच, बोट तेच. आपल्या चकतीलाही तिचा भोपळा द्यायचा आहे, फक्त तो अंगठ्याच्या नखाएवढा.

पाइपचा तो काप डबीच्या झाकणाला आतून चिकटवायचा, आणि कापाच्या बरोबर मध्यावर झाकणाला भोक पाडायचं. चकती, पाइप आणि झाकण यांच्यामध्ये हवेची एक छोटी खोली तयार होते. भोकातली हवा वजनासारखी आणि आतली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि या जोडीचाही स्वतःचा एक सूर असतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमतो तोच. खोलीचा सूर आणि चकतीचा सूर एक झाले की आवाज भरभरून बाहेर पडतो.

हिशेब हेल्महोल्ट्झच्या सूत्राने करता येतो. मी तुमच्यासाठी करून ठेवला आहे. आतला व्यास १७-१८ मिलिमीटर, उंची ३, झाकणाची जाडी दीड आणि भोक ५ मिलिमीटर असेल, तर सूर ४,००० हर्ट्झच्या थोडा वर येतो. भोक ४ मिलिमीटरचं ठेवलं तर तो साडेतीन हजारांच्या आसपास उतरतो. भोक मोठं केलं की सूर चढतो, खोली उंच केली की उतरतो.

यावरून काम करायची रीत ठरते. भोक सुरुवातीला साडेतीन मिलिमीटरचंच पाडा. वाजवा, आकडा लिहा. मग गोल कानसीने अर्धा-अर्धा मिलिमीटर वाढवत जा. आकडा चढत जाईल आणि एका ठिकाणी घसरायला लागेल. घसरला की थांबा. भोक परत लहान करायचं तर वर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून पुन्हा पाडावं लागतं, म्हणून कानस हलक्या हाताने चालवा. चकती बसवल्यावर आणि भोक ठरल्यावर प्रीसेट पुन्हा एकदा फिरवून बघा, कारण बैठकीमुळे चकतीचा सूर थोडा हललेला असतो.

कापाखाली कुठेही फट राहू देऊ नका. समोरून निघणारी लाट आणि पाठीमागून निघणारी लाट एकमेकींच्या बरोबर उलट असतात. फटीतून त्या भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात.

इथवर सेलमधून मिलिअँपिअरच्या आतबाहेरच करंट जातो आहे. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं. मोरीचं दार लोटून, मिक्सर लावून ऐका. ऐकू आलं तर थेट शेवटच्या पावलाकडे जा.

पाऊल सहावं: चकतीला दोन्ही बाजूंनी ढकला

आतापर्यंत चकतीचं एक टोक ऋणाला बांधलेलं होतं, आणि दुसरं ० आणि ३ व्होल्टच्या दरम्यान वर-खाली होत होतं. दोन्ही टोकं उलट-सुलट हलवली, एक वर असताना दुसरं खाली, तर चकतीला +३ पासून −३ पर्यंत, म्हणजे एकूण ६ व्होल्टचा हेलकावा मिळतो. सेल तेच दोन, आवाज ६ डेसिबल जास्त.

यासाठी मोकळे गेट वापरायचे. पिन ३ आणि ५ ऋणापासून सोडवा. पिन २ ची वायर पिन ३ ला. पिन ४ ची वायर पिन ५ ला. चकतीचं एक टोक ४७० ओहममधून पिन ४ ला, दुसरं पिन ६ ला. पिन ४ आणि पिन ६ नेहमी एकमेकांच्या उलट असतात, म्हणून चकती पूर्ण झुलते. ४७० ओहम काढून टाकू नका. चकती कपॅसिटर आहे, आणि प्रत्येक उलटीला ती क्षणभर मोठा करंट ओढू बघते. तो रेझिस्टर आयसीला सांभाळतो, आणि आवाजावर त्याचा परिणाम नगण्य असतो.

करंट किती वाढतो? चकती साधारण २० नॅनोफॅरडची धरली, तर ४,००० हर्ट्झला एका टोकाच्या जोडणीत पाव मिलिअँपिअर, आणि या जोडणीत सुमारे १ मिलिअँपिअर. आयसीचं आपलं थोडं वेगळं. चौपट झाला खरा, पण चौपट होऊनही तो मॅग्नेटिक बझरच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढाच आहे.

आर्डुइनोसारख्या बोर्डवर चकती दोन पिनांच्या मध्ये लावून आणि पिना आलटून-पालटून वर-खाली करून हेच साधतं.

पाऊल सातवं: थांबून थांबून वाजवा

सलग सूर काही सेकंदांत पार्श्वभूमीत विरून जातो, थांबून थांबून वाजणाऱ्याकडे लक्ष जातं. शिवाय सेल अर्धा वेळ विश्रांती घेतो. पण ‘पीं’ फार तोकडी करू नका. सुमारे पाव सेकंदाहून लहान आवाज कानाला आहे त्यापेक्षा हळू वाटतो, कारण कान तेवढा वेळ आवाज साठवून मग त्याचा मोठेपणा ठरवतो.

पिन ९ ऋणापासून सोडवा. पिन ८ आणि ९ मध्ये १०० किलोओहम, पिन ९ आणि ऋण यांच्यात १० मायक्रोफॅरड (धन बाजू पिन ९ कडे). मग १एन४१४८ डायोड, काळ्या पट्ट्याची बाजू पिन १ कडे, दुसरी पिन ८ ला. पिन ८ वर गेली की ती पिन १ ला वरच धरून ठेवते आणि सूर थांबतो. खाली आली की सूर मोकळा. साधारण ०.४ सेकंद आवाज, तेवढीच शांतता.

पाऊल आठवं: तरीही पुरत नसेल तर कॉइल

अंगणापलीकडे ऐकू जायला हवं असेल, तर आता व्होल्टेजकडे वळायला हरकत नाही. तयार बूस्ट मॉड्यूल लावून ३ चे १२ व्होल्ट करता येतात, पण १२ व्होल्टवर १० मिलिअँपिअर घेणाऱ्या बझरसाठी सेलमधून ५० च्या आसपास ओढले जातात. त्यापेक्षा एक ट्रान्झिस्टर आणि एक १० मिलिहेन्रीची कॉइल बरी.

पिन ६ पासून २.२ किलोओहममधून बीसी५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला. एमिटर ऋणाला. कॉइल धन आणि कलेक्टर यांच्यामध्ये, आणि चकती कॉइलच्याच दोन टोकांना, समांतर. ट्रान्झिस्टर चालू असताना कॉइलमध्ये करंट चढतो. तो बंद झाला की त्या करंटला जायला चकतीखेरीज वाट नसते, आणि चकतीवर व्होल्टेज उसळतं. ४,००० हर्ट्झवर कॉइलचा करंट ३७ मिलिअँपिअरपर्यंत जातो, आणि २० नॅनोफॅरडच्या चकतीवर कागदावर २६ व्होल्ट येतात. तारेच्या रोधामुळे प्रत्यक्षात वीसेक धरा. ६ व्होल्टच्या हेलकाव्यापेक्षा हे १० डेसिबल जास्त, म्हणजे कानाला आणखी दुप्पट. सेलमधून सरासरी ९ मिलिअँपिअरपर्यंत जातील.

दोन गोष्टी इथे चुकवू नका. बेसची वायर पिन ६ लाच लावा, ४ ला नाही. शांततेच्या वेळी पिन ६ खाली असते आणि ट्रान्झिस्टर बंद राहतो. पिन ४ त्या वेळी वर असते. तिला जोडलं तर सगळ्या शांततेभर कॉइलमधून करंट वाहत राहील आणि सेल दोन दिवसांत बसतील. दुसरं, चकती काढून ठेवून सर्किट चालवू नका. उसळी झेलायला चकती नसेल तर व्होल्टेज ट्रान्झिस्टरच्या ४५ व्होल्टच्या मर्यादेपलीकडे जातं.

बटण सेलवर हे कॉइलचं पाऊल उचलू नका. सीआर२०३२ मध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास साठा असतो, पण तो हळूहळू द्यायला बनवलेला आहे. मोठा करंट मागितला की तो मान टाकतो. त्याच्यासाठी सहाव्या पावलाची जोडणी आणि सेलला समांतर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हीच योग्य.

शेवटचं पाऊल: टांगणं आणि पुन्हा सूर लावणं

फ्लोट स्विच सेलच्या धन वायरीत मध्ये घाला. पिंप भरेपर्यंत सर्किटला वीजच मिळत नाही, त्यामुळे सेल नुसते बसून संपत नाहीत. सर्किट मोरीत ठेवू नका. स्विचच्या दोन बारीक वायरी दाराच्या फटीतून बाहेर काढा आणि डबी चौकटीच्या बाहेरच्या बाजूला, जमलं तर भिंतीच्या कोपऱ्यात टांगा. ऐकणाऱ्याकडे अंतर निम्मं झालं तरी ६ डेसिबल पदरात पडतात, आणि दाराचा अडथळा गेला तो वेगळाच. भोक किंचित खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे वाफेचं पाणी त्यात साचणार नाही.

प्रीसेटची अखेरची फिरवणी नव्या कोऱ्या सेलवर करू नका. सेल उतरत जातात तसा या सर्किटचा सूर थोडा सरकतो. नव्या सेलवर जुळवलेला सूर महिन्या-दोन महिन्यांत उसळीच्या बाहेर पडतो, आणि मग सेल शाबूत असूनही आवाज बसतो. घड्याळातून किंवा रिमोटमधून काढलेले, दोन्ही मिळून २.७ ते २.८ व्होल्ट भरणारे अर्धवट वापरलेले सेल घ्या, त्यावर सूर लावा, प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडून तो पक्का करा, आणि मग नवे सेल घाला.